फुलं गेल्यानंतरचे दोन महिने

कुंडीतलं ट्यूलिप पूर्ण उमलतं तेव्हा मातीखालचा कंद जवळजवळ रिकामा झालेला असतो. मागच्या हंगामात पानांनी उन्हात तयार केलेली साखर त्यात स्टार्चच्या रूपात साठलेली होती. मुळं, दांडा, पानं, फूल हे सगळं त्याच साठ्यावर उभं राहिलं. म्हणजे आपण डोळे भरून पाहतो तो बहर गेल्या वर्षीच्या कष्टाचा असतो. यंदाचं काम अजून व्हायचंय, आणि ते सुरू होतं पाकळ्या गळल्यावर, पानं इकडेतिकडे पसरून कुंडी ओबडधोबड दिसायला लागल्यावर. नेमक्या याच वेळी बहुतेक कुंड्या खिडकीतून उचलल्या जातात आणि एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतात. तिथे पाण्याची आठवण राहत नाही, उजेड पोचत नाही, आणि पंधरवड्यात कंदाचं पुढचं वर्ष हातचं जातं.

कंदाला काय हवं हे कळायला त्याची घडण माहीत असावी. कांदा उभा चिरला की ती समोर दिसते: खाली चकतीसारखा कठीण तळ, त्यातून फुटणारी मुळं, वर एकावर एक चढलेले रसाळ थर आणि मधोमध पुढच्या वाढीचा कोंब. डॅफोडिल आणि हायसिंथचे कंद याच घडणीचे, आणि वर्षानुवर्षं टिकणारे. बाहेरचे थर वाळून कागदासारखे होतात, आतून नवे येतात, कंद तोच राहतो. ट्यूलिपचं तसं नाही. लावलेला कंद एका हंगामात संपूर्ण खर्च होतो आणि त्याच्या थरांच्या बेचक्यांत नवे कंद धरतात, एखादा मोठा आणि बाकीचे लहान. क्रोकसचा कंद थरांचा नसून भरीव असतो. तोही दरवर्षी संपतो आणि नवा त्याच्या डोक्यावर बसतो. ट्यूलिपला फुलानंतरच्या थोड्या आठवड्यांत नुसती झीज भरून काढायची नसते, अख्खा नवा कंद घडवायचा असतो. मध्य आशियाच्या डोंगरउतारांवरचं हे झाड तिथल्या लखलखीत उन्हात, थंड हवेत ते साधतं. घरातल्या कुंडीत बहुधा साधत नाही. ही गोष्ट आधीच मान्य केली, तर कोणत्या कंदावर किती मेहनत घ्यायची हे ठरवणं सोपं जातं.

पहिलं काम फुलाचं. पाकळ्या सुकल्या की झाड बी धरायला लागतं आणि कंदाकडे जायचं अन्न तिकडे वळतं. बीजकोश कुठे असतो ते ओळखून तो काढायचा. डॅफोडिलमध्ये तो फुलाच्या मागे, हिरव्या फुगीर गाठीसारखा असतो. फूल त्या गाठीसकट खुडायचं, नुसत्या पाकळ्या ओढून काढल्या तर गाठ मागे राहते आणि वाढत जाते. ट्यूलिपचा बीजकोश फुलाच्या आत असतो आणि पाकळ्या गळल्यावरही दांड्याच्या टोकावर ताठ उभा राहतो. तो बोटांनी मोडावा. हायसिंथच्या तुऱ्यावर फुलं दाटीने असतात, तिथे मुठीत दांडा हलके धरून खालून वर हात नेला की सगळी सुकलेली फुलं निघून येतात. मस्कारी, म्हणजे द्राक्षाच्या घोसासारखा इवल्या निळ्या फुलांचा तुरा येणारा छोटा कंद, त्याचंही असंच. हिरवा दांडा मात्र कापायचा नाही. तोही पानासारखाच अन्न तयार करतो. तो आपणहून पिवळा पडून मऊ झाला की मग काढावा.

त्यानंतर पानं, आणि खरी कसोटी इथेच लागते. फूल गेल्यापासून किमान सहा आठवडे पानं हिरवी राहिली पाहिजेत. आठ आठवडे राहिली तर फार उत्तम. या काळात पानाचा प्रत्येक हिरवा सेंटिमीटर कंद भरत असतो. लांब पानं लोंबतात, पसारा दिसतो म्हणून त्यांना गाठ मारायची, वेणी घालायची किंवा रबर लावून जुडी बांधायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. गाठीमुळे पानाच्या आतल्या नळ्या चिरडतात आणि एकावर एक दडपलेल्या पानांना ऊन लागत नाही. पसारा नकोच असेल तर कुंडीत दोन-तीन बारीक काड्या रोवून त्यांच्याभोवती सैल दोरा फिरवावा. पानं उभी राहतात आणि मोकळीही राहतात.

जागा निवडताना उजेड भरपूर आणि हवा थंड, अशी जोडी शोधायची. १० ते १५ अंश सेल्सिअस तापमान या कंदांना मानवतं. गरम खोलीत, हीटरजवळ किंवा दिवसभर तापणाऱ्या काचेला लागून ठेवलेल्या कुंडीत पानं तीन आठवड्यांतच पिवळी पडतात, कारण उष्णता वाढली की झाडाला वाटतं उन्हाळा आला, आता निजायची वेळ झाली. उजेड कमी पडला तर उलट घडतं: पानं लांब, फिकट, लुळी होतात आणि कमावण्यापेक्षा जास्त खर्च करतात. दोन्हींतून एकच टाळता येत असेल तर अंधार टाळावा. कुंडी आठवड्यातून एकदा अर्धा फेरा फिरवली की पानं एका बाजूला झुकत नाहीत.

बाहेर कडाक्याचा गारठा संपला असेल तर कुंडी बाहेर नेणं सगळ्यांत चांगलं. घरातल्या सर्वांत उजळ खिडकीपेक्षाही बाहेरच्या ढगाळ दिवसाचा उजेड बहुतेक वेळा जास्त असतो. मात्र घरात वाढलेलं पान नाजूक असतं. पहिले दोन-तीन दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण ऊन, असा आठ-दहा दिवसांचा सराव द्यावा. घाई केली तर पानांवर पांढुरके करपलेले पट्टे उमटतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत एका गोष्टीने सर्वांत जास्त कंद जातात: चकचकीत कागद. फुलांसकट विकत आणलेल्या कुंडीभोवती प्लास्टिकचं किंवा वर्खाचं वेष्टण असतं. त्यात पाणी साचतं, वरून दिसत नाही, आणि कंदाचा तळ दिवसेंदिवस पाण्यात बसतो. वेष्टण पहिल्याच दिवशी काढावं. कुंडीच्या बुडाला भोकं आहेत ना हे पाहावं, ताटलीत निथळलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्यावं. वरची दोन सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागली की भरपूर पाणी घालावं, मग पुन्हा ती कोरडी होईपर्यंत थांबावं. फूल असताना झाड पाणी भराभर ओढतं. फूल गेल्यावर ही ओढ मंदावते, पण जुन्या सवयीने पाणी तेवढंच घातलं जातं.

पान पिवळं पडलं म्हणून घाबरायच्या आधी ते कुठून पिवळं पडतंय ते बघावं. शेंड्याकडून सुरू होऊन पिवळेपणा सावकाश खाली उतरत असेल तर झाड आपलं काम संपवून निजायला निघालंय. बुडाकडून सुरू झाला असेल, पान हलकं ओढताच हातात येत असेल आणि मातीला आंबूस वास असेल, तर तळ कुजतोय. अशा वेळी कंद लगेच काढून पाहावा. तळाची चकती तपकिरी आणि मऊ झाली असेल तर तो वाचत नाही. फ्युझेरियम नावाची बुरशी इथूनच शिरते. तो कंद टाकावा, त्याची मातीही दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

खताचा हिशेब लहान आहे. विक्रीच्या कुंड्यांत बहुधा पीट (दलदलीतला कुजका पालापाचोळा) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं आणि त्यात पोषण जवळजवळ नसतंच. पानं हिरवी असेपर्यंत दर दोन आठवड्यांनी पाण्यात विरघळणारं खत, वेष्टणावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मं, ओल्या मातीत घालावं. कोरड्या मातीत घातलं तर मुळं भाजतात. पालाश जास्त असलेलं खत निवडावं; टोमॅटोसाठी मिळतं ते अगदी योग्य. पालाशामुळे पानांतली साखर कंदाकडे वाहून नेली जाते आणि साठवली जाते. नत्र जास्त झालं तर पानं हिरवीगार, लुसलुशीत दिसतात, मन प्रसन्न होतं, पण कंद मऊ आणि कुजायला सोपा होतो. पिवळेपणा दिसू लागला की खत बंद.

या काळात कुंडी बदलावीशी वाटते, कारण विक्रीच्या कुंडीत कंद एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. इथे जपून वागावं. ट्यूलिप आणि हायसिंथच्या मुळांना फाटे फुटत नाहीत आणि एकदा तुटलेलं मूळ त्या हंगामात पुन्हा वाढत नाही. म्हणून कंद सुटे करण्याचा मोह आवरावा. मोठी कुंडी हवीच असेल तर मातीचा अख्खा गोळा न फोडता अलगद तिच्यात सरकवावा आणि भोवती नवी माती भरावी. जमीन असेल तर तोच गोळा तसाच, थोडा खोल करून जमिनीत लावता येतो. डॅफोडिल, मस्कारी आणि क्रोकससाठी हा मार्ग मला सर्वांत पटतो: काढणं नाही, साठवणं नाही, कंद आपल्या वेळेने निजतो.

जमीन नसेल तर कंद काढून ठेवावे लागतात. निम्म्याहून जास्त पान पिवळं झालं की पाणी कमी करत न्यावं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पूर्ण थांबवावं. पान वाळून कागदासारखं झालं, हलक्या हाताने सुटून आलं, की कुंडी आडवी करून माती मोकळी करावी. कंद धुऊ नयेत. माती झटकून, सावलीत, वारा खेळेल अशा जागी एका थरात आठवडा-दोन आठवडे पसरावेत. मग सुकलेली मुळं आणि सुटलेली साल काढावी. तपकिरी पातळ साल घट्ट असेल तर ती राहू द्यावी, ती कंदाला जपते. आपोआप सुटणारी पिल्लं वेगळी करावीत, ओढून तोडू नयेत.

हे करताना हातमोजे घालावेत. हायसिंथच्या सालीत आणि डॅफोडिलच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी त्वचेला खाज सुटते. ट्यूलिपच्या रसाने बोटांची टोकं भेगाळतात. कंद हाताळणाऱ्या कामगारांना हा त्रास नेहमीचा असतो. डॅफोडिलच्या कंदात लायकोरीन नावाचं विष असतं, ज्याने जोराच्या उलट्या होतात, आणि हा कंद दिसतो हुबेहूब कांद्यासारखा. स्वयंपाकघरात तो क्षणभरही ठेवू नये. पिशवीवर ठळक नाव लिहावं. घरात मूल किंवा कुत्रा असेल तर पिशवी उंच टांगावी.

कंद हातात आला की तो नीट पारखून घ्यायचा. हातात जड आणि टणक लागतो तो चांगला. सालीवर निळसर भुकटी दिसली तर ती बहुधा पेनिसिलियम या बुरशीची असते. वरवर असेल तर घासून निघते आणि खालचा भाग टणक असल्यास कंद वापरता येतो. डॅफोडिलची मान, म्हणजे कंदाचं वरचं निमुळतं टोक, दाबल्यावर मऊ लागली तर आत कंदमाशीची अळी असण्याची शक्यता असते. पानं वाळताना मानेजवळ जी पोकळी पडते तिच्या आसपास ही माशी अंडी घालते, आणि एकच अळी कंदाचा गाभा फस्त करते. म्हणून कुंडी बाहेर असेल तर पानं वाळली की वरची माती दाबून ती पोकळी बुजवावी. ट्यूलिपमध्ये आकार बघायचा: साधारण ९-१० सेंटिमीटरपेक्षा कमी घेराचा कंद पुढच्या वर्षी बहुधा एकच रुंद पान काढतो, फूल काढत नाही. असे छोटे कंद कुंडीत पुन्हा लावण्यात अर्थ नाही. जागा असेल तर जमिनीत दोन-तीन वर्षं वाढू द्यावेत.

साठवणीचा काळ वरून निवांत दिसतो, पण आतली हालचाल थक्क करणारी आहे. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हायसिंथ आणि ट्यूलिपचे कंद वर्षभर टप्प्याटप्प्याने कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कोरड्या, निजलेल्या कंदाच्या पोटात उन्हाळ्याच्या उबेत पुढच्या वर्षीचं फूल घडत असतं: आधी पाकळ्या, मग पुंकेसर, शेवटी बीजकोश, सगळं काही मिलिमीटरांत. म्हणजे या दोघांना उन्हाळ्यात ऊब लागते. ट्यूलिपला १७ ते २० अंश, हायसिंथला सुरुवातीला त्याहून थोडी जास्त, २५ अंशांच्या आसपास. डॅफोडिल मात्र फुलाची घडण पानं हिरवी असतानाच सुरू करतं. पानं लवकर कापण्याचा फटका त्याला दुहेरी बसतो: साठाही कमी पडतो आणि कळीही राहून जाते. दुसऱ्या वर्षी नुसती हिरवी पात काढणाऱ्या डॅफोडिलचं कारण शोधायला निघालं, तर पुष्कळदा ते आदल्या वर्षीच्या कात्रीत सापडतं.

कंद कागदी किंवा जाळीच्या पिशवीत, कोरड्या हवेशीर जागी ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ते घामेजतात आणि बुरशी धरते. पिकणारी फळं त्यांच्या जवळ कधीही नसावीत. सफरचंद, केळं अशी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने ट्यूलिपची आतली कळी मरते. कंद बाहेरून धडधाकट दिसतो, कोंबही फुटतो, आणि फुलाच्या जागी वाळलेली पांढरी चिंधी निघते. फ्युझेरियम लागलेला कंदही इथिलीन सोडतो, म्हणून एक सडका कंद पिशवीतल्या इतर निरोग्यांचंही नुकसान करतो. दोन आठवड्यांतून एकदा पिशवी उघडून प्रत्येक कंद चाचपावा.

हवा गार होऊ लागली की लागवड. कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल, टोक वर. यानंतर थंडी हवी, आणि ती पुरेशी हवी: ट्यूलिप आणि डॅफोडिलला १२ ते १६ आठवडे, हायसिंथला १० ते १४, तापमान २ ते ९ अंशांच्या दरम्यान. ही थंडी मुख्यतः दांडा लांबण्यासाठी लागते. ती कमी पडली तर फूल पानांच्या बेचक्यातच अडकून, मातीलगत उमलतं. हिवाळा सौम्य असेल तर कंद कागदी पिशवीत घालून तितकेच आठवडे फ्रिजमध्ये ठेवता येतात, त्या कप्प्यात फळं नसतील तर.

एकदा घरात फुलवलेला कंद लगेच पुढच्या वर्षी पुन्हा घरात फुलवायचा आग्रह धरू नये. तो दमलेला असतो. त्याला निदान एक पूर्ण वर्ष, शक्य तर दोन, बाहेर उघड्यावर द्यावीत. मस्कारी आणि क्रोकस सहज सावरतात, डॅफोडिल एक वर्ष नुसती पानं काढून मग फुलतं. हायसिंथ फुलतं, पण तुरा विरळ, घंटेसारखी फुलं मोजून घेण्याइतकी. मला तो पहिल्या वर्षीच्या गच्च तुऱ्यापेक्षा अधिक देखणा वाटतो आणि वासही पुरेसा असतो. मोठ्या फुलांचे संकरित ट्यूलिप कुंडीनंतर क्वचितच परततात. लहान रानजातीचे ट्यूलिप त्या मानाने काटक. नुसत्या पाण्यात, काचेच्या भांड्यावर फुलवलेला हायसिंथ आणि खडे-पाण्यातले पेपरव्हाइट (डॅफोडिलचाच पांढऱ्या फुलांचा भाऊबंद) यांनी फुलताना सगळंच खर्च केलेलं असतं आणि भरून काढायला त्यांना माती मिळालेली नसते. दव गोठत नाही अशा हवामानात पेपरव्हाइट जमिनीत लावून पाहावेत, दोन-तीन वर्षांनी ते उठतात. एरवी हे कंद आणि संकरित ट्यूलिप कंपोस्टमध्ये गेले तरी चालतं. त्यांच्यावर वाया जाणारा उजेड खिडकीतल्या डॅफोडिलला द्यावा.

अ‍ॅमरिलिस या नावाने विकला जाणारा तो भला मोठा कंद या सगळ्यांपेक्षा वेगळा, आणि जतन करायला सर्वांत समाधान देणारा. तो दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातला आहे. त्याला फ्रिज नको, गोठवणारी थंडी तर मुळीच नको. फुलं सुकली की ती मागच्या बीजकोशांसकट खुडावीत. पोकळ दांडा पिवळा पडल्यावर मानेपासून तीन-चार सेंटिमीटर वर कापावा. कापल्यावर बराच रस गळतो, खाली कागद धरावा. एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीकडे जाताना सुरी स्पिरिटने पुसावी, कारण पानांवर पिवळट चट्टे आणणारा विषाणू रसातून पसरतो.

इतर कंदांची पानं निजायला निघतात तेव्हा याची पानं वाढीला लागतात, आणि ती महिनोन् महिने हिरवी ठेवायची असतात. साधारण चार पानं झाली की कंद आत एक फुलाची कळी घडवतो, असा याचा नेम आहे. त्यामुळे हंगामात किती पानं आली यावर पुढे किती दांडे येणार हे बरंचसं कळतं. भरपूर उजेड, माती वरून कोरडी झाली की पाणी, दर दोन आठवड्यांनी खत. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर असावा. पूर्ण गाडला तर मानेत पाणी साचून तो कुजतो. कुंडी कंदापेक्षा सगळीकडून दोन-तीन बोटंच मोठी, आणि ती दोन-तीन वर्षांनीच बदलावी. पानांवर किंवा दांड्यावर लालभडक चिरा उमटल्या तर तो बुरशीचा रोग आहे: तो भाग कापून टाकावा, पाणी वरून न घालता कडेने घालावं आणि वारा खेळता ठेवावा.

दिवस लहान होऊ लागले की पाणी थांबवून कुंडी १३ अंशांच्या आसपास, कोरडी, आठ ते दहा आठवडे ठेवावी. वाळलेली पानं मग काढावीत. या विश्रांतीनंतर वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बदलून, एकदाच कोमट पाणी देऊन कुंडी २० अंशांच्या उबेत उजेडात आणावी आणि कोंब दिसेपर्यंत पाण्याचा हात अगदी आखडता ठेवावा. कोंबाचं टोक चपटं आणि रुंद असेल, मानेच्या मध्यभागातून न येता कडेने येत असेल, तर ती कळी. सहा ते आठ आठवड्यांत फूल. नुसती पानंच आली तर मागच्या हंगामात ती कमी पडली होती असं समजावं, आणि त्या वर्षी कुंडीला सर्वांत उजळ जागा व नियमित खत द्यावं.